कारण लेखी कळवावे

सदाशिव पेठ, पुणे
२९ नोव्हेंबर २०१८

जयसिंगराव,

नमस्कार. विनंती आणि विशेष, दोन्ही खाली येईलच.

काल दुपारी आलेला आपला फोन कुसुमने घेतला. मी घरात होतो, पण वामकुक्षी चालू होती. शिवाय फोनबद्दलचं माझं मत आपल्याला माधव-मंदाच्या लग्नापासून ठाऊक आहे. पंगत की बुफे हे तेव्हा फोनवर ठरलं होतं आणि कार्यालयात पोचल्यावर दोन्ही व्याह्यांना वेगवेगळं आठवत होतं. तेव्हापासून आपल्या दोन घरांतलं महत्त्वाचं बोलणं कागदावर होतं. आपल्यालाही ते मानवलेलं दिसतं.

आपण विचारलंत, मृण्मयीला शाळेत गोवर-रुबेलाची सुई टोचली का. नाही टोचली. मंदा कंपनीच्या कामासाठी फेब्रुवारीपर्यंत जर्मनीत आहे आणि आमचे चिरंजीव हिंजवडीच्या बसमध्ये सकाळी चढतात ते रात्री उतरतात. तेव्हा पोरगी आमच्याकडे आणि शाळेच्या दप्तरी पालक मी. सहावीच्या वर्गात नोटीस आली, मी चष्मा लावून वाचली आणि शाळेत जाऊन बाईंना विचारलं की रुबेला झाला तर मुलीचं नेमकं काय बिघडतं? बाई म्हणाल्या, तसं काही नाही, तीन दिवस बारीक पुरळ येतं आणि जातं. मग टोचता कशाला? तर म्हणे वरून आदेश आहे. ज्या रोगाने काही बिघडत नाही त्याला सुई, आणि ज्या शाळेने सगळं बिघडतं ती रोज सकाळी सात ते साडेबारा! वर टोचलेल्या मुलांच्या अंगठ्याला मतदानासारखी शाई लावतात. मी नोटिशीच्या पाठीवर 'कारण लेखी कळवावे, मग विचार करू' असं लिहून सही केली. अद्याप उत्तर नाही. उत्तर देण्यासाठी आधी कारण माहीत असावं लागतं.

आपण मांजरी गावच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष, तेव्हा आपला उत्साह समजू शकतो. लसीकरणाचा तो फ्लेक्स माधवने मला मोबाइलवर दाखवला. त्यात सुई थोडी आणि आपण पुष्कळ होतात. नातीला मी होमिओपॅथीच्या गोळ्या देतो. काळजी नसावी.

आपला,
शरच्चंद्र

*

मांजरी
५ डिसेंबर २०१८

शरदराव,

रामराम. पत्र पोचलं. आमच्या घरी तुमचं पत्र आलं की तुळजाबाई आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवते आणि मग पाकीट माझ्या हातात देते, कारण ते वाचल्यावर मला ठसका लागतो.

फ्लेक्सचं म्हणाल तर तो पोरांनी लावला, मी नुसता उभा राहिलो. पण त्या फ्लेक्सखाली आमच्या शाळेतली सगळी पोरं एका दिवसात टोचून झाली आणि संध्याकाळी पटांगणात विटीदांडू खेळत होती. तुमच्या पेठेत मात्र एका पोरीच्या दंडासाठी पत्रव्यवहार चालू आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्याकडे बैल नाहीत म्हणून म्हण पोचली नसेल.

बाईंनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. रुबेला पोराला काही करत नाही हे खरं. तो दुसऱ्याला करतो. कुणाला आणि काय, ते तुमच्या कोपऱ्यावरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. मी ते पत्रात लिहिणार नाही, त्याला घरगुती कारण आहे.

पुढचं नीट वाचा. सहा जानेवारीला रविवारी शेतावर हुरडा आहे. मृण्मयी दरवर्षी येते आणि यायलाच हवी. पण सुई टोचल्याशिवाय तिला यंदा आणू नका. अजून महिना आहे. शाळेतला दिवस चुकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात टोचतात. आमची धाकटी वृषाली सध्या माहेरी आलेली आहे, तिला आराम सांगितलाय. घरात जरा सांभाळून चाललोय. कारण वेळ आली की मीच सांगेन.

तुमचा,
जयसिंग

*

सदाशिव पेठ
१२ डिसेंबर २०१८

जयसिंगराव,

नमस्कार. आपलं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खरं वाटेना म्हणून, दुसऱ्यांदा कुसुमला ऐकवण्यासाठी.

टोचल्याशिवाय आणू नका! बाजार समितीच्या दारात जनावरांना लाळ्या-खुरकताची लस टोचली आहे का ते बघून आत सोडतात, तसं आपल्या शेताच्या फाटकावर नातवंडांचं चालू केलंत वाटतं. ही मुलगी आपल्या लेकीची लेक आहे, एवढी आठवण देऊन ठेवतो. लग्नाच्या वेळी आमच्या घरात मटण शिजत नाही म्हणून आपल्याकडच्या मंडळींनी आम्हाला 'नाजूक माणसं' म्हटलं होतं. आता आमच्या घरची पोर रोगट ठरली. प्रगती आहे.

आणि ते घरगुती कारण! मी शाळेकडे कारण मागितलं, शाळा म्हणते वरून आदेश. आपल्याकडे मागितलं, आपण म्हणता वेळ आल्यावर सांगेन. या सुईचं कारण सांगायला अख्ख्या पुणे जिल्ह्यात कोणी तयार नाही. ज्या गोष्टीचं कारण उघड सांगता येत नाही ती गोष्ट मी चाळीस वर्षं विमा कचेरीत मंजूर केली नाही, ती आता घरात करणार नाही. डॉक्टरला विचारायला मी जाणार नाही. ज्याला टोचायचं आहे त्याने येऊन पटवावं.

वृषाली माहेरी आल्याचं वाचलं. सासरी काही वाजलं असेल तर त्यात आम्ही पडत नाही. कुसुम काही वेगळं म्हणत होती, पण तिला सगळीकडे डोहाळेच दिसतात.

आपला,
शरच्चंद्र

*

मांजरी
२० डिसेंबर २०१८

शरदराव,

शहाण्याला शब्दाचा मार, असं ऐकून होतो. तुमच्या पेठेत शब्दच इतके झालेत की मार कुणालाच लागत नाही.

मी तुमच्या पोरीला रोगट म्हटलं नाही. ती माझ्या मांडीवर वाढलीय. माझ्या शेतात तिच्या नावाचं चिंचेचं झाड आहे. पुन्हा एकदा सांगतो आणि थांबतो. सुई नाही तर यंदा हुरडा नाही. फेब्रुवारीत मी स्वतः पेढे घेऊन तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढेन, तेव्हा तुम्हाला सगळं उमगेल आणि तुम्ही मला पाणी विचाराल. तोवर म्हाताऱ्याचा हट्ट समजून ऐका.

जयसिंग

*

सदाशिव पेठ
८ जानेवारी २०१९

जयसिंगराव,

नमस्कार. रविवारच्या हुरड्याबद्दल आभार. दाणे कोवळे होते, लसणाची चटणी मात्र शहरी माणसाच्या घशाला जरा जास्त. आपल्या गोठ्याजवळची ती बाजही आता बदलायला हवी.

आम्ही न बोलावता आलो असं आपल्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलावणं दरवर्षीचंच आहे आणि ते रद्द करण्यासाठी आपण दिलेलं कारण मला मान्य नव्हतं. आपण फाटकाशी काही विचारलं नाहीत, हा आपला मोठेपणा. तुळजाबाईंनी पोरीला जवळ घेतलं, वृषालीने तर दिवसभर सोडलंच नाही. दुपारी दोघी एका गोधडीत झोपल्या होत्या. बघून बरं वाटलं. सांगायचा मुद्दा, पोरगी आली, जेवली, खेळली, आणि आकाश कोसळलं नाही. एवढ्यासाठी आपण दोन पत्रं खर्ची घातलीत.

उन्हात पोरीने पूर्ण बाह्यांचा स्वेटर का घातलाय असं तुळजाबाईंनी विचारलं होतं. तिला थंडी फार वाजते, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीतल्या पेढ्यांचं कोडं मला सुटलं आहे. पंचायत समितीचं तिकीट मिळणार म्हणायचं. आगाऊ अभिनंदन.

आपला,
शरच्चंद्र

*

मांजरी
२४ जानेवारी २०१९

शरदराव,

आज नमस्कार-चमत्कार नाही.

वृषालीला परवापासून ताप आहे. काल तोंडावर पुरळ आलं, आज अंगभर पसरलं. कानामागे गाठी आहेत. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, घरात पुरळ आलेलं लहान मूल येऊन गेलं का?

आता कारण लेखी कळवतो. वृषालीला तिसरा महिना चालू आहे. या आधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. म्हणून या वेळी तिसरा महिना सरेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. मंदालासुद्धा कळवलं नव्हतं. आमच्यात तशी रीत आहे आणि तुमच्यातही आहे, मला माहीत आहे. रुबेला पोटुशी बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, काळीज काहीही जाऊ शकतं. हे मला आमच्या शाळेत टोचायला आलेल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. म्हणून मी सुई-सुई करत होतो.

तुम्ही फाटकात उभे राहिलात तेव्हा मी धरून चाललो, की माणूस पोरीला घेऊन आलाय म्हणजे टोचून आणलं असेल. विचारायला हवं होतं. पण पन्नास माणसं जमलेली, त्यांच्यासमोर व्याह्याची झडती घेणं बरं दिसलं नाही.

आता सरळ विचारतो. मृण्मयीच्या अंगावर काही होतं का? उलट टपाली कळवा. तुमचा तो फोनबद्दलचा नियम मोडलात तरी चालेल.

जयसिंग

*

सदाशिव पेठ
२६ जानेवारी २०१९

जयसिंगराव,

नमस्कार. पत्र वाचून आम्हा दोघांना धक्का बसला. वृषालीला लवकर आराम पडो.

तथापि काही गोष्टी स्पष्ट करणं आवश्यक आहे. पुरळ अनेक कारणांनी येतं. हुरड्याला पन्नास माणसं होती, त्यांत लहान मुलंही होती आणि त्या सर्वांची तपासणी झाली होती असं मला वाटत नाही. आपल्या शेतात गवत आहे, किडे आहेत. पोरीला डिसेंबरअखेरीस थोडी उष्णता झाली होती, ती मुलांना होतेच. सब्जाचं पाणी दिलं आणि गेली. त्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. शिवाय आपण मुख्य गोष्ट महिनाभर लपवून ठेवली. मला एका ओळीने कळवलं असतंत तर मी पोरीला उचलून दवाखान्यात नेली असती. मी अडाणी नाही.

रक्ताची तपासणी होईपर्यंत आपण दोघांनीही शब्द जपून वापरावेत.

शरच्चंद्र

सौ. तुळजाबाई,

हे पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून ही चिठ्ठी आत घालतेय. वर ह्यांनी जे लिहिलंय त्यावर जाऊ नका. मृण्मयीला हुरड्याच्या आधीच्या बुधवारी तोंडावर पुरळ आलं, गुरुवारी पोटावर आणि हातांवर होतं. मानेला गाठी लागत होत्या. तिच्या वर्गातल्या आणखी तिघींना तसंच झालं होतं. मी म्हटलं, मांजरीला नको नेऊया, वृषालीचं मला काही वेगळं वाटतंय. हे म्हणाले, आता नाही गेलो तर जयसिंगराव जिंकले. स्वेटर ह्यांनी घालायला लावला. मी गप्प बसले. वृषालीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा.

कुसुम

*

मांजरी
६ फेब्रुवारी २०१९

शरदराव,

रक्ताचा रिपोर्ट आला. तोच आहे.

दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी एकच सांगितलं, बाळ धड असण्याची आशा फार कमी. वृषाली आणि जावई दोन दिवस खोलीत बसून होते. आम्हाला आत बोलावलं नाही. मग तिनेच बाहेर येऊन सांगितलं, चला. सोमवारी दवाखान्यात नेलं, काल घरी आणलं. जेवायला वाढलं की जेवते.

तुम्हाला शिव्या लिहायला बसलो होतो. बऱ्याच लिहिल्या. तुमच्या त्या स्वेटरवर एक अख्खा कागद भरला. तुळजाबाईने तो घेतला आणि चुलीत घातला. मी तिच्यावर ओरडलो, तर ती म्हणाली, "त्यांनी पुरळ लपवलं, तुमी पोर लपवलं. आता कुनाच्या नावानं वरडताय?"

उत्तर पाठवू नका.

जयसिंग

*

सदाशिव पेठ
११ फेब्रुवारी २०१९

जयसिंगराव,

उत्तर पाठवू नका असं आपण लिहिलंत, तरी पाठवतो. माझ्याकडे दुसरं काही नाही.

मी पुरळ पाहिलं होतं. ते उष्णतेचं नसावं असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण शाळेकडे मी कारण मागितलं होतं आणि मुलगी आजारी पडल्याचं कळलं असतं तर बाई हसल्या असत्या, आपण हसला असतात. त्या हसण्याला मी भ्यालो. सहा आठवड्यांत कुठल्याही डॉक्टरला विचारलं असतं तर त्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं. मी क्षमा मागतो. वृषालीला हे वाचून दाखवा.

मी एक निश्चय केला आहे. हे सगळं लपवाछपवीने झालं. तेव्हा या घरात यापुढे काहीही लपवायचं नाही. येत्या रविवारी, १७ तारखेला, मृण्मयीला समोर बसवून मी तिला सर्व सांगणार आहे, की तिला काय झालं होतं, ते मावशीपर्यंत कसं गेलं आणि मावशीचं बाळ का गेलं. माझा दोषही सांगणार आहे. ती सहावीत आहे, तिला समजेल. कुसुम नको म्हणते आहे, पण सत्याला वय नसतं. आपणही त्या वेळी हजर राहावं अशी विनंती करतो.

आपला,
शरच्चंद्र

*

मांजरी
१३ फेब्रुवारी २०१९

काका आणि आप्पा,

एकच पत्र दोघांना लिहितेय. आप्पा शेजारच्या खोलीत आहेत, पण त्यांनाही बोललेल्यापेक्षा कागदावरचं जास्त पटतं. काका, तुमची प्रत ड्रायव्हर आजच मंडईत जाताना तुमच्या दारात देईल. ती कुसुमकाकूंच्या हातात द्यायची असं मी त्याला बजावलंय. ती त्या तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणजे वामकुक्षीची सबब राहणार नाही.

काका, रविवारी मृण्मयीला काहीही सांगायचं नाही.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. आप्पांच्या कपाटात होती, आणि आप्पांची उत्तरं आप्पांना तोंडपाठ आहेत, ती त्यांनी मला म्हणून दाखवली. काय भाषा आहे दोघांची! बैल काय, खुरकत काय, पेठेतले शब्द काय. मी वाचताना एकदा हसलेसुद्धा. मग लक्षात आलं की हे सगळं माझ्या पोटावरून चाललंय. महिना-दीड महिना दोघं एकमेकांना टोचत होतात आणि जिला टोचायचं ती राहून गेली. त्या पत्रांत माझं नाव आहे, मला कोणी काही विचारलेलं मात्र कुठेच नाही. मी याच घरात होते. माझ्याकडे फोन होता. आप्पांनी मला एकदा सांगितलं असतं, की शरदराव ऐकत नाहीत, तर मीच फोन करून म्हटलं असतं, काका, मला दिवस गेलेत, पोरीला सुई द्या. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तिसऱ्या महिन्याची रीत मला ठाऊक आहे, आप्पा. आधीच्या दोन्ही वेळा मी ती पाळली होती. तेव्हा काय वाचलं?

आणि काका, तुमच्या निश्चयाबद्दल. आधी तुम्हाला हुरड्याला हरायचं नव्हतं म्हणून तुम्ही तिला स्वेटर घातलात. आता तुम्हाला खरं बोलल्याचं समाधान हवं म्हणून तिला समोर बसवणार. दोन्ही वेळा पोरगी तीच आणि काम तुमचंच. त्या दुपारी ती माझ्या गळ्यात हात टाकून झोपली होती. झोपण्याआधी मला वर्गातल्या मैत्रिणींची भांडणं सांगत होती. त्या दुपारमुळे मावशीचं बाळ गेलं, हे तिने बाराव्या वर्षापासून म्हातारी होईपर्यंत उशाला घेऊन झोपायचं, आणि तुमचं मन मात्र हलकं. तुमचं ओझं तुम्ही उचला. तिच्या दप्तरात घालू नका.

मला तुमचा राग आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही. तुमच्या क्षमेचं काय करायचं ते मी बघेन, त्याची घाई नाही. आप्पा, तुमचाही राग आहे. तुम्ही घरातल्या घरात आहात म्हणून सुटलात असं समजू नका.

येत्या शनिवारी मी सदाशिव पेठेत येणार आहे. मृण्मयीची गोवर-रुबेलाची सुई द्यायचीच आहे असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, शिवाय दहाव्या वर्षीची धनुर्वाताची पण राहिलीय असं कुसुमकाकू म्हणाल्या. तिला मी घेऊन जाईन. तुम्ही दोघांपैकी कोणीही सोबत यायचं नाही, आणि दवाखान्याला कारण विचारायचं नाही.

रिक्षात ती मला विचारेल, मावशी, तुला काय झालं होतं. मी सांगणार आहे, ताप आला होता, गेला. मंदाताई परत आली की तिलाही मी हेच सांगायला लावणार आहे. तुम्ही दोघांनीही एवढंच सांगायचं. ती दहावीला गेली तरी, तिचं लग्न झालं तरी, तिला मूल झालं तरी. मी नसले तरी. यात तुमचं मत नकोय मला, आणि उत्तरही नको.

हे तुम्हाला जमेल. गप्प बसता येतं तुम्हाला दोघांनाही, ते मी बघितलंय.

वृषाली